लांबच्या प्रवासाआधी ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर बदलायचेत: सी घ्यावेत, डी घ्यावेत की एलटी?

मीरा_वाटेवर

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये ट्रेलर घेऊन तीन-साडेतीन हजार मैलांचा प्रवास ठरलाय. त्यातला बराचसा रस्ता रणरणत्या वाळवंटातून जातो. ट्रेलर २६ फुटी, डबल ॲक्सलचा. बाहेरच्या पाटीवर कमाल वजन ७,६०० पौंड आणि प्रत्येक ॲक्सल ३,५०० पौंडांचा असं लिहिलंय. टायर एसटी (म्हणजे खास ट्रेलरसाठीचे) २०५/७५ आर १४, लोड रेंज (भार पेलण्याचा वर्ग) सी.

ट्रेलर आम्ही वापरलेला घेतला. टायरची नक्षी अजून जवळजवळ नव्यासारखी आहे, त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं की एवढे चांगले टायर कशाला काढायचे. मला मात्र दोन टायरांच्या खोबणीत तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या लांबलचक आकड्याच्या शेवटी २३१९ आहे.

एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले एलटी (हलक्या ट्रकचे टायर) टाका, ते जास्त दणकट असतात. दुसऱ्या दुकानात म्हणाले आहेत तसलेच सी टाका, कंपनीने विचार करूनच दिलेत. तिसऱ्याने तर गाडीचे साधे पॅसेंजर टायर दाखवले. मुलं बरोबर असणार आहेत, त्यामुळे स्वस्त-महाग हा मुद्दा नाही. नेमकं काय बघून ठरवायचं, एवढं कुणी सांगाल का?

डोंगरयात्री

डी घ्या, डोळे झाकून. टायरमधली हवा आणि तापमान दाखवणारी टीपीएमएस लावा. बाकी फार विचार करू नका. गाडीचा टायर बसला की स्टिअरिंगला लगेच कळतं, ट्रेलरचा बसला तर मागून कुणीतरी हॉर्न वाजवेपर्यंत पत्ता लागत नाही. आमच्या डबल ॲक्सलच्या ट्रेलरलाही टीपीएमएस आहे. ट्रेलर लांब असेल तर सिग्नल पुढे पोचवायला रिपीटर लागतो, तो सेटमध्ये आहे ना बघून घ्या.

चाकवाले_अण्णा

मीराताई, तुमच्या प्रश्नातच एक उत्तर आहे, ते आधी. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. त्या टायरांना सहा वर्षं होऊन गेली. ते काढाच. नक्षीकडे बघून ट्रेलरचा टायर जोखता येत नाही. गाडीचा टायर रोज फिरतो आणि झिजून संपतो. ट्रेलरचा टायर वर्षातले कितीतरी महिने उन्हात एका जागी वजन घेऊन उभा असतो आणि आतून संपतो. रबरात ओझोनपासून वाचवणारी मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरला, दबला, की ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरात ती वर येत नाहीत आणि ऊन-ओझोन रबर खात राहतात. तुम्हाला दिसलेल्या केसासारख्या भेगा म्हणजे हेच. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी लांबच्या प्रवासाला तो टायर न्यायचा नाही, हे मी आयुष्यभर टायरांच्या कामात राहून सांगतोय.

चारही चाकांवरचा आकडा वाचा. बाहेरच्या बाजूला पूर्ण आकडा नसला तर तो आतल्या बाजूला असतो. ट्रेलरखाली फोन धरून फोटो काढला की दिसतो. स्टेपनीचाही बघा. ती बहुतेक वेळा ट्रेलरइतकीच जुनी निघते.

आता कोणता टायर. दुकानदाराला विचारण्याआधी वजनकाट्याला विचारा. ट्रकस्टॉपवर कॅट कंपनीचे वजनकाटे असतात, तिथे ट्रक आणि ट्रेलर जोडून जा. आणि रिकामा ट्रेलर नेऊ नका. प्रवासाला निघताना जसा असेल तसा न्या: कपडे, भांडी, डबे, हत्यारं, सायकली, गॅसचे सिलिंडर, पाणी, सगळं भरून. पाटीवरचे ७,६०० हे कंपनीने ठरवलेली मर्यादा आहे, तुमचं खरं वजन नाही.

आणि जमलं तर प्रत्येक चाक वेगळं तोला. साध्या काट्यावर दोन्ही ॲक्सलचं मिळून वजन कळतं, पण चाकाचाकावरचा भार कळत नाही. आरव्हीच्या (चाकांवरच्या घरांच्या) मेळाव्यांत चार चाकांखाली चार तराजू ठेवून वजन करून देणारे लोक असतात. ट्रेलर डावी-उजवीकडे कधीच सारखा नसतो. एका बाजूला फ्रिज, ओटा, स्लाइडआउट (बाहेर सरकणारा भाग), तर दुसऱ्या बाजूला नुसता सोफा. ‘एकूण वजनाला चारने भागलं’ या हिशोबाने ठरवलेला टायर ज्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त भार आहे तिथेच जातो.

तुमच्या मापात सी रेंजचा टायर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला १,७६० पौंड उचलतो. चार टायरांचे ७,०४० झाले. ॲक्सलची क्षमता ३,५०० म्हणजे चाकामागे १,७५०. कंपनीने ॲक्सलपुरता टायर दिलाय, वर हात राखलेला नाही. वजन करून आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

हायवे_राजू

अण्णांशी सहमत, पण एलटीबद्दल वाईट बोलू नये असं वाटतं. माझ्या मोठ्या ट्रेलरला १६ इंची चाकं आहेत, त्यावर मी एलटी चालवतो आणि अतिशय समाधानी आहे. गाडी शांत चालते, टायर थंड राहतात, झीज सारखी होते.

चाकवाले_अण्णा

राजूभाऊ, वाईट कशाला बोलू? १६ इंचात एलटी चांगला पर्याय आहे, फक्त आकडा जुळला पाहिजे. एलटी २३५/८५ आर १६, लोड रेंज ई, ८० पीएसआयला ३,०४२ पौंड उचलतो. त्याच वर्गातला एसटी २३५/८० आर १६ साडेतीन हजारांच्या आसपास उचलतो. तुमचा भार ३,०४२च्या बराच खाली असेल तर खुशाल चालवा.

ताईंची चाकं १४ इंची आहेत. तिथे एलटीत निवड फारशी नाही आणि आहे त्यात भारक्षमता वाढत नाही. आणि पॅसेंजर टायरचा विचार सोडून द्या. तो ट्रेलरला लावायचा तर साइडवॉलवरची भारक्षमता १.१ने भागून धरायची असा नियमच आहे, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा कमी. शिवाय त्याची साइडवॉल मऊ. डबल ॲक्सलचा ट्रेलर अरुंद जागेत वळवताना खाली उतरून एकदा मागच्या चाकांकडे बघा. रिम एकीकडे सरकते, टायरचा तळ जमिनीला धरून राहतो आणि साइडवॉल मुरगळून बाहेर येते. दोन ॲक्सल एका बिंदूभोवती वळू शकत नाहीत, म्हणून एकीचे टायर आडवे घासतातच. एसटी टायरची साइडवॉल या मुरगळण्यासाठीच जास्त ताठ बनवलेली असते.

मीरा_वाटेवर

अण्णा, सगळं सामान भरून, पाण्याची ४० गॅलनची टाकी पूर्ण भरून ट्रेलर तोलून आणला. सुदैवाने चाकाचाकाचं वजन करून देणारे भेटले. आकडे:

हिचवर (ट्रेलर ट्रकला जोडतो तिथे) ८८० पौंड.
डावं पुढचं १,७२०, डावं मागचं १,७६०.
उजवं पुढचं १,५६०, उजवं मागचं १,५४०.

म्हणजे चाकांवर ६,५८० आणि एकूण ७,४६०. मर्यादेच्या आत आहे ना? सरासरी काढली तर चाकामागे १,६४५ येते, म्हणजे सी रेंज पुरेल असं वाटतंय. रिमच्या मागे १,८७० पौंड असा शिक्काही आहे.

चाकवाले_अण्णा

ताई, रिमच्या मागचा शिक्का वाचून आलात, फार बरं केलंत. पुष्कळ लोक तेवढं बघत नाहीत.

आता सरासरी बाजूला ठेवा आणि डाव्या मागच्या चाकाकडे बघा. १,७६० पौंड. तुमचा सी रेंजचा टायरसुद्धा १,७६०च उचलतो, आणि तेही पूर्ण ५० पीएसआय हवा असेल तर. म्हणजे तो टायर शंभर टक्के भरलेला आहे. सकाळी हवा पाच पीएसआय कमी असली की तो क्षमतेपलीकडे गेला. एकूण वजन मर्यादेत, दोन्ही ॲक्सल मर्यादेत, सरासरी उत्तम, आणि तरी एका कोपऱ्यातला टायर कडेला टेकलेला. म्हणूनच चाक-चाक तोलायला सांगितलं होतं.

टायर भाराने फुटतो असं आपण म्हणतो, पण त्याला मारते ती उष्णता. भार जास्त किंवा हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि परत सुटते. मैलाला काहीशे वेळा हे होतं. त्या दबण्या-सुटण्यातून आत उष्णता साठते, रबर आणि पोलादी तारांचे पट्टे यांची पकड ढिली पडते, आणि एके ठिकाणी नक्षीखाली फुगवटा येतो. तळहात टायरवरून फिरवला तर तो उंचवटा डोळ्यांआधी हाताला लागतो. तो लागला की तो टायर पुन्हा रस्त्यावर न्यायचा नाही. नेलात तर नक्षीचा पट्टा उलगडून सुटतो आणि चाकाबरोबर फिरताना ट्रेलरचं पोट फाडतो. चाकावरचं आवरण, पाण्याचे पाइप, वायरी, कधी गॅसची लाइन. टायरच्या किमतीपेक्षा ते नुकसान कितीतरी मोठं असतं, आणि मुलं बरोबर असताना हमरस्त्याच्या कडेला उभं राहणं हे तर त्याहून वाईट.

तेव्हा उत्तर: त्याच मापात लोड रेंज डी घ्या. एसटी २०५/७५ आर १४ डी, ६५ पीएसआयला २,०४० पौंड. तुमच्या सगळ्यात जड कोपऱ्यावर सुमारे १४ टक्के हात राखला जातो. माप तेच असल्याने चाकाच्या खाचेत जागा पुरेल की नाही ही काळजी नाही.

पण तीन गोष्टी नीट लक्षात घ्या. डी रेंज ही हवेमुळे डी आहे. तोच टायर ५० पीएसआयवर चालवलात तर तो १,७६०च उचलेल, म्हणजे पैसे देऊन काहीच मिळवलं नाही. ६५ भरायची, तीही थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, ऊन लागायच्या आत. दुसरं, टायर २,०४०चा असला तरी रिम १,८७०ची आहे आणि ॲक्सल ३,५००चा. टायर बदलल्याने या दोन्हींची ताकद वाढत नाही, तेव्हा सामान वाढवायचं नाही. रिम ६५ पीएसआय झेलते ना, हेही शिक्क्यावर बघा. नसेल लिहिलेलं तर रिम बनवणाऱ्याला विचारा. तिसरं व्हॉल्व्ह. रबरी दाबून बसवायचे साधे व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, म्हणजे तिथेही तुम्ही कडेवर. त्यावर टीपीएमएसच्या सेन्सरचं वजन आलं की रबरी दांडी फिरताना वाकते. नट लावून बसवायचे धातूचे व्हॉल्व्ह मागा. टायर उतरवलेला असतानाच हे काम होतं, नंतर नाही.

आता टायरखेरीज एक सोपा उपाय. तुम्ही ४० गॅलन पाणी भरून तोललंत. एक गॅलन ८.३४ पौंडांचा, म्हणजे ३३० पौंडांच्या वर नुसतं पाणी. वाटेत रोज पाणी मिळणार असेल तर टाकीत दहा गॅलन ठेवा. अडीचशे पौंड उतरले. डाव्या बाजूची जड हत्यारं आणि डबाबंद सामान उजवीकडच्या कपाटात हलवा. हे केल्यावर हिचवरचा भार पुन्हा मोजा, कारण टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर तो कमी होतो. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हिचवर राहिला पाहिजे, नाहीतर ट्रेलर मागे डुलायला लागतो. तुमचा आज जवळपास १२ टक्के आहे, छान आहे, तो बिघडवू नका.

मीरा_वाटेवर

अण्णा, किती नीट समजावलंत! नवऱ्याला डाव्या मागच्या चाकाचा आकडा दाखवला, ते लगेच म्हणाले, चारही नवे घेऊ आणि स्टेपनीपण. आता कंपनी कोणती? आणि वेगाचं काय? नवीन टायरांवर एन असं अक्षर दिसलं, त्याचा अर्थ ताशी ८७ मैलांपर्यंत चालतो असं दुकानदार म्हणाला.

डोंगरयात्री

आम्ही गुडइयर एन्ड्युरन्स लावलेत. मित्राकडे मॅक्सिस एम ८००८ आहेत, तोही खूश आहे.

चाकवाले_अण्णा

दोन्ही चांगले. कंपनीपेक्षा मी दुकानात एकच गोष्ट आधी विचारतो: टायरवरची तारीख. गोदामात दोन वर्षं पडलेला नवा टायर मला नको. बसवण्याआधी पाचही टायरांच्या शेवटच्या चार आकड्यांचा फोटो काढा. काही महिन्यांपूर्वीचे असतील तर घ्या, जुने असतील तर नम्रपणे परत करा. चांगलं दुकान त्यावर वाद घालत नाही.

वेगाचं अक्षर दुकानदाराने बरोबर सांगितलं. एल म्हणजे ७५ मैल, एम ८१, एन ८७. जुन्या एसटी टायरांवर अक्षर नसायचं, तेव्हा ६५ मैल हीच मर्यादा धरायची. पण ते अक्षर म्हणजे त्या वेगाने जायची सूचना नव्हे, वरच्या टोकाला टायर उष्णता झेलू शकतो एवढाच त्याचा अर्थ. मी ट्रेलर मागे असताना ६० ते ६५च्या वर जात नाही. वाळवंटात दुपारी तर ६०च. एन अक्षर आहे म्हणून मला ती जास्तीची राखीव ताकद हवी असते, जास्तीचा वेग नाही. वाट कॅलिफोर्नियातून जात असेल तर तिथे ट्रेलर ओढणाऱ्यांना कायद्यानेच ५५ची मर्यादा आहे.

हवेबद्दल अजून एक. सकाळी ६५ भरलीत की दुपारी रस्ता तापल्यावर टीपीएमएसवर आकडा ७०च्या पुढे गेलेला दिसेल. घाबरून हवा सोडू नका. तापमान दहा अंश फॅरेनहाइट वाढलं की एक-दीड पीएसआय वाढणारच, टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. गरम टायरची हवा सोडली तर संध्याकाळी थंड झाल्यावर ती कमी भरेल आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कमी हवेवर निघाल. बघायचं ते हे: चारांपैकी एकच टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापतोय का. तसं असेल तर त्या चाकाची हवा, ब्रेक किंवा बेअरिंग यांत काहीतरी आहे. प्रत्येक थांब्यावर हबजवळ हात न्या, आधी लांबूनच. उजव्या-डाव्यात फरक जाणवला तर थांबून बघा.

सह्याद्री_ते_रॉकी

अण्णा, मी पण याच उन्हाळ्यात टायर बदलतोय. चाकं काढलेली असतानाच अजून काय करून घ्यावं?

चाकवाले_अण्णा

बेअरिंग. वर्षातून एकदा किंवा बारा हजार मैलांनी, जे आधी येईल तेव्हा, उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून घ्यायचं. मागचं सील नवीनच घालायचं, जुनं परत बसवायचं नाही. चाकं उतरलेलीच आहेत तर त्याच दिवशी हे होऊन जातं. ब्रेकचे लोहचुंबक आणि लायनिंगही तेव्हाच बघता येतात.

टायर बॅलन्स करून घ्या. ट्रेलरला बॅलन्स लागत नाही असं सांगणारी दुकानं भेटतील. आत कुणी बसलेलं नसतं म्हणून थरथर कळत नाही, पण ती कपाटांच्या स्क्रूंना आणि टायरलाही कळते.

जॅक ॲक्सलच्या नळीखाली लावू देऊ नका, नळी वाकली की नवे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. चौकटीखालीच लावायचा.

मीरा_वाटेवर

दुकानाची वेळ घेतली. डी रेंजचे पाच टायर, धातूचे व्हॉल्व्ह, बॅलन्स आणि बेअरिंग, सगळं एकाच दिवशी. रिमवाल्यांना फोन केला, ६५ पीएसआय चालते म्हणाले. नट आवळायचं काय माप आहे?

चाकवाले_अण्णा

तुमच्या ट्रेलरच्या पुस्तिकेत असेल तेच खरं. अर्धा इंची स्टडला बहुतेक ठिकाणी ९० ते १२० फूट-पौंड असतं. दुकानात हवेच्या गनने नुसतं ठोकून देऊ नका म्हणावं, टॉर्क पान्ह्याने, समोरासमोरचे नट घेत, टप्प्याटप्प्याने आवळायचे. नवीन बसवलेलं चाक पहिल्या काही मैलांत जागा घेतं आणि नट ढिले होतात, विशेषतः ॲल्युमिनियमच्या रिमवर. म्हणून टॉर्क पान्हा विकत घ्या आणि ट्रेलरमध्येच ठेवा. दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर थांबून प्रत्येक नट तपासा. हे पन्नास मैल प्रवासाच्या पहिल्या दिवशी करायचे नाहीत. आठवडाभर आधी ट्रेलर जोडून एक फेरी मारा, घरी परत या, हवा पुन्हा बघा. एखादा व्हॉल्व्ह गळत असेल तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडतो, आणि दुकान तेव्हा जवळ असतं.

मीरा_वाटेवर

शनिवारी फेरी मारतो, रविवारी सकाळी चारही चाकांची हवा आणि तापमान इथे टाकते.

चाकवाले_अण्णा

टाका. स्टेपनीचीही मोजा, ६५च.